दाताच्या डॉक्टरची उमेदवारी

आमच्या नांदेड-लातूरकडे 'नीट'चा निकाल लागला, की घराघरांत एक अदृश्य तराजू टांगला जातो. एका पारड्यात आपल्या मुलीचे गुण आणि दुसऱ्यात शेजारच्यांच्या मुलाचे. एम.बी.बी.एस.ला नंबर लागला तर गल्लीभर पेढे. थोडक्यात हुकला, तर दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही; आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी मामा चहाचा कप खाली ठेवीत म्हणतात, "अहो, बी.डी.एस. काय वाईट आहे? नावाआधी डॉक्टर तर लागतेच ना!"

आमच्या घरी हे वाक्य २०१८ च्या जून महिन्यात लातूरच्या मामांनी उच्चारले. त्या एका वाक्यावर माझी पुढची पाच-सहा वर्षे गेली. ती वाया गेली असे मी मुळीच म्हणणार नाही. पण दाताच्या डॉक्टरला पहिली नोकरी मिळते कशी, आणि तिला 'नोकरी' म्हणावे की आणखी काही, हे त्या चहाच्या वेळी आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. यंदाही कित्येक घरांत तो तराजू टांगला गेला असेल, आणि कित्येक मामांनी चहाचा कप खाली ठेवला असेल. त्यांच्यासाठी हा खटाटोप.

चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा हा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. बोटे दुखून येईपर्यंत कोरीत बसावे, आणि बाईंनी एका नजरेत म्हणावे, "ही दाढ आहे की बटाटा?" मध्ये २०२० साली करोना आला. ज्या विद्येत दुसऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसावे लागते, ती विद्या काही महिने घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर शिकण्याचा प्रसंग आमच्या तुकडीवर आला. पण तेही दिवस गेले. लातुरात इंटर्नशिप संपली, मुंबईच्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी झाली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात मी ट्रंक आणि पुस्तकांच्या दोन पोत्यांसह नांदेडला तरोडा नाक्याजवळच्या आमच्या घरी येऊन दाखल झाले.

बाबा माध्यमिक शाळेत शिक्षक. त्यांनी आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी विचारले, "मग, ऑर्डर कधी येणार तुझी?"

बाबांच्या काळी ऑर्डर येत असे. पोस्टमन ती आणून देई आणि माणूस वळकटी बांधून निघे. आमच्या धंद्यात ऑर्डर कोण काढणार? जरा विचार केला तर कारण उघड आहे. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाला कोणतेही नर्सिंग होम रात्रपाळीला तरी ठेवून घेते, कारण छातीत दुखायला लागलेला माणूस सकाळची वाट पाहत नाही. दाढेचा माणूस मात्र रात्री दोनला ठणका लागला तरी लवंग दाबून धरतो आणि उजाडायची वाट पाहतो. दातांना वॉर्ड नसतो, खाटा नसतात. मोठ्या रुग्णालयाचेही एका-दोघा दंतवैद्यांवर भागते. एक डॉक्टर, एक खुर्ची, एक मदतनीस असे हे बहुधा लहानसे दुकान असते; आणि पहिल्याचे दुकान ओसंडून वाहू लागल्याशिवाय त्यात दुसऱ्याला जागा होत नाही.

शिवाय अशी दुकाने आता पुष्कळ झाली. या देशातले पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्याला निघाले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी ते काढले, आणि त्याचा सुरुवातीचा खर्च त्यांनी स्वतःच्या 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाच्या दुकानाच्या उत्पन्नातून चालवला. गोड पेये विकून दातांचे कॉलेज काढावे, ही गोष्ट आमच्या सरांनी सांगितली तेव्हा वर्ग पाच मिनिटे हसत होता! १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यावेळी पदवीधर इतके थोडे होते, की नोंदवहीचे दोन भाग करावे लागले: पहिल्यात रीतसर शिकलेले, आणि दुसऱ्यात न शिकता, पण वर्षानुवर्षे त्याच कामावर पोट भरीत आलेले. पुढे २०२३ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतली बहुतेक खासगी. मराठवाड्याचेच पाहा. सरकारी एकच, छत्रपती संभाजीनगरला, लातूर-नांदेडची खासगी. दरवर्षी नवी पाखरे बाहेर पडतात, आणि पहिल्या झाडावर जागा शोधू लागतात.

सरकारी नोकरीचे थोडक्यात सांगते, कारण ती आहेच थोडकी. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्याची जागा असते. ती बहुधा कंत्राटी. जाहिरात निघते, जागा एखाददुसरी, आणि अर्ज पाहिले तर आपल्या वर्गाची हजेरी घेतल्यासारखे वाटते. त्यात अनुभवाला वेगळे गुण. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! माझ्या दोन मैत्रिणींनी हैदराबादचा रस्ता धरला. आमच्या नांदेडाहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. तिथे अमेरिकन रुग्णालयांच्या बिलांना संकेतांक लावण्याच्या कचेऱ्या आहेत, त्यांत दंतवैद्यांनाही घेतात. पगार वेळेवर, खोली थंडगार. एकीने मला फोनवर सांगितले, "सगळं छान आहे गं, फक्त दात दिसत नाहीत."

मी ठरवले, आधी लातूर पाहायचे. तिथे शिकले होते, गल्ल्या ओळखीच्या होत्या, आणि मामांचे घर होते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याचा मी त्या उन्हाळ्यात जेवढा लाभ घेतला तेवढा मराठवाड्यात क्वचितच कोणी घेतला असेल. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत गाडी लातूरला पोचते तेव्हा टेरीकॉटचा इस्त्री केलेला पंजाबी ड्रेससुद्धा धुतलेल्या पोत्यासारखा दिसू लागतो.

लातुरातल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या कोणत्या रस्त्याने जावे हा गावातल्या नवख्या माणसाचा प्रश्न. माझा प्रश्न जरा निराळा होता. औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड, जिकडे जावे तिकडे दाताच्या दवाखान्यांच्या पाट्या. हसऱ्या दाढेचे चित्र, खाली डॉक्टरांचे नाव, त्याखाली पदव्या. फाइल छातीशी धरून मी तीन दिवसांत अकरा जिने चढले. सात ठिकाणी सांगितले, "नंबर ठेवून जा." दोन ठिकाणी, "लग्न झालंय का? मग ठरल्यावर जाणार ना तुम्ही?" हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला कोणी विचारला नाही, हे मी नंतर मुद्दाम चौकशी करून खात्री करून घेतले. एका डॉक्टरांनी मात्र प्रेमाने बसवून घेतले, चहा दिला, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले त्या दिवसांत खुर्चीला पाणी पुरवण्यासाठी त्यांनी कसे डबे भरून ठेवले होते ते सांगितले. जागा त्यांच्याकडेही नव्हती. पण त्या चहाची चव मला अजून आठवते.

अकराव्या ठिकाणी जागा होती. काचेचे दार, गार हवा, भिंतीवर पडदा, चार खुर्च्या. व्यवस्थापक म्हणून बसलेल्या गृहस्थांनी फाइल न उघडताच विचारले, "बोलणं कसं आहे तुमचं?" मला वाटले, रुग्णाशी बोलण्याविषयी विचारताहेत. विचारीत होते ते रुग्णाशीच बोलण्याविषयी. पण काम असे, की आलेल्या माणसाला टेबलाशी बसवायचे आणि दात साफ करणे, पांढरे करणे, सरळ करणे या तिन्हींची मिळून एक योजना हप्त्यांसह समजावून सांगायची. महिना पंधरा हजार. योजना जास्त खपल्या तर वर बक्षीस.

"आणि रुग्णाचं काम?" मी विचारले.

"ते सीनियर करतात. तुम्ही एक वर्ष बघायचं."

याशिवाय दोन वर्षे सोडून न जाण्याचा करार आणि मूळ सर्टिफिकेटे त्यांच्या कपाटात. मी विचार करून सांगते म्हणून उठले. घरी आल्यावर मामा म्हणाले, "पंधरा हजार! सुरुवातीला कोण देतं?" मामांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नवख्या बी.डी.एस.ला आमच्या भागात आठ-दहा हजारांवर बोलणी सुरू होतात, आणि पगाराचा हा आकडा ऐकला की बाबा चष्मा काढून पुसू लागतात. फीचे हप्ते त्यांनी कसे भरले ते मला माहीत होते.

पण मामींनी भाकरी थापता थापता एकच विचारले, "वर्षभर बघत बसलीस तर हात नाही का जड होणार, बाळा?" मामी दहावीपर्यंत शिकलेल्या. व्यवसायाच्या वर्मावर बोट ठेवायला पदवी लागत नाही. आमची विद्या डोक्यात कमी आणि बोटांत जास्त असते. भुलीचे इंजेक्शन कुठे द्यायचे ते पुस्तकात आहे. सुई हाडाला टेकल्याचे कळते ते बोटाला. वर्षभर हात न चालवलेल्या दंतवैद्याला पुन्हा खुर्चीशी उभे राहताना घाम फुटतो, हे मी माझ्या वर्गमित्रांत पुढे पाहिले.

काचेच्या दवाखान्याला नकार कळवला. त्याच आठवड्यात त्याहून मोठा आकडा समोर येऊन उभा राहिला.

बाबांच्या ओळखीतून निरोप आला, की एका तालुक्याच्या गावी तयार दवाखाना आहे, डॉक्टर पाहिजे आहे. आम्ही दोघे गेलो. बाजारपेठेत दवाखाना, बाहेर बाकावर दहा-बारा माणसे. आत एक गृहस्थ मोठ्या सफाईने एका म्हातारीच्या कवळीचे माप घेत होते. हात धुऊन ते बाहेर आले, बाबांना नमस्कार करून म्हणाले, "सर, ताईंनी रोज यायची काहीच गरज नाही. महिन्यातून एकदा चक्कर टाकली तरी चालेल. फक्त सर्टिफिकेट भिंतीवर लागलं पाहिजे आणि पाटीवर नाव." महिना वीस हजार, घरपोच.

गृहस्थ वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. पंचवीस वर्षे एका डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस होते. ते वारल्यावर लोक यांच्याकडेच येत राहिले. १९४८ च्या आधी असते तर नोंदवहीच्या दुसऱ्या भागात त्यांचे नाव कदाचित लागलेही असते. पण मी ते माप घेऊन झालेले भांडे पाहिले. ते नुसत्या नळाच्या पाण्याखाली धरून पुन्हा टेबलावर ठेवलेले होते. पुढच्या माणसाच्या तोंडात तेच जाणार होते. आणि त्यातून उद्या कोणाला कावीळ झाली, कोणाचे रक्त थांबेना, तर भिंतीवर नाव माझे. नोंदणी झालेल्या डॉक्टरने बिगरनोंदणीच्या माणसाला असे पांघरूण घातले तर परिषद त्याचे नाव काढून टाकू शकते, हे तर आम्हाला शिकवलेलेच होते.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला धास्ती होती ती वेगळीच. वीस हजारांत माझ्या फीचे कर्ज किती महिन्यांत फिटेल, याचा हिशेब त्यांच्या मनात चालला असेल, आणि ते मला तसे म्हणणार नाहीत, पण त्यांच्या मनात येईल, याची. शेवटी गोदावरीचा पूल आला तेव्हा ते म्हणाले, "माझी बी.एड.ची पदवी कुणी भिंतीला लावायला मागितली असती, तर मी काय केलं असतं, तेच बघत होतो." मी विचारले, "मग?" म्हणाले, "शाळेला भिंतीच नव्हत्या तेव्हा. प्रश्नच आला नसता."

त्या रात्री आईने गोडाचा शिरा केला. कारण कोणी विचारले नाही.

जुलैच्या सुरुवातीला वजिराबादेतल्या एका जुन्या इमारतीत, लाकडी जिना चढून, मी ज्या दवाखान्यात पोचले तिथे काच नव्हती, पडदा नव्हता. दोन खुर्च्या होत्या आणि त्यांतली एक माझ्या वयाची होती. डॉक्टरसाहेब साठी ओलांडलेले. फाइल त्यांनीही उघडली नाही. म्हणाले, "बाहेर बाकावर निळ्या पागोट्याचे बाबा बसलेत. त्यांना हात लावू नका. नुसतं बोलून या आणि मला सांगा, आज दाढ काढू का नको."

बाबा मुखेडकडचे. "काय होतंय?" म्हटल्यावर म्हणाले, "दाढ ठणकायली, मॅडम. चार रोज झालं, झोप न्हाई. पर काढू नका बघा. वरची दाढ काढली की डोळा जातो म्हन्त्यात." मी त्यांना समजावले, की डोळ्याने दिसण्याची नस निराळी आणि दाढेची निराळी, दोघींची सोयरीक नाही. मग विचारले, शुगर आहे का? "न्हाई." बी.पी.? "न्हाई." औषध कोणते चालू आहे का? "कायबी न्हाई." आता उठणार, तोच मला आमच्या एका बाईंचे सांगणे आठवले, की खेड्यातल्या माणसाला 'औषध' म्हणजे आजारपणातले; रोजची गोळी त्याच्या लेखी औषध नव्हेच. म्हणून विचारले, "सकाळी उठल्यावर काही गोळी घेता का?" "ती व्हय? ती घेतो की, दोन साल झालं." आणि बंडीच्या खिशातून त्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पट्टी काढली. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली.

आत जाऊन मी सांगितले, "आज नको. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून मग. तोवर दुखणं थांबवायचं औषध देऊ." डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. "नऊ हजार देईन. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ. पहिल्या दिवसापासून काम हातात, मी मागे उभा. पहिले तीन महिने अवजारांची सफाई तुम्हीच करायची, मदतनिसाने नाही. आता तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा."

अकरा जिने चढून मला तोवर प्रश्न विचारायला आले होते. रूट कॅनॉल मला करू देणार का? कधीपासून? एक्स-रे आपला आहे की बाहेरचा? सर्टिफिकेटची प्रत चालेल ना? अडले तर कोण सोडवणार? पगार किती तारखेला? अनुभवाचा दाखला लिहून मिळेल ना? त्यांनी प्रत्येकाचे सरळ उत्तर दिले, आणि शेवटच्यावर हसून म्हणाले, "दाखला तर द्यावाच लागेल. सरकारी जागा निघाली की पळणार तुम्ही."

अशा रीतीने माझी उमेदवारी सुरू झाली. हा जुना शब्द मला फार बरोबर वाटतो. सुताराकडे, छापखान्यात, वकिलाकडे माणसे उमेदवारी करीत, तशीच ही.

सफाईचे तीन महिने म्हणजे शिक्षा वाटली होती, पण त्यातच दवाखाना कळला. प्रत्येक अवजार घासायचे, पुसायचे, कागदी पाकिटात बंद करायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, दाबाच्या वाफेत, पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे. घरच्या कुकरचाच हा मोठा भाऊ, म्हणून आईला समजावून सांगितले तर तिने शिट्ट्या किती, असे विचारले. रोज किती अवजारे लागतात, किती रुग्णांमागे किती वेळ जातो, सुया आणि रक्ताचा कापूस कोणत्या रंगाच्या पिशवीत जातो, ती गाडी केव्हा येते, हे कॉलेजात कोणी विचारले नव्हते. कॉलेजात तर पैसे मागायलाही शिकवत नाहीत. पहिल्यांदा "अठराशे झाले" म्हणताना माझी मान आपोआप खाली गेली. डॉक्टरसाहेब मागून म्हणाले, "वर बघून सांगा. चोरी केलेली नाही."

रुग्ण नाना परींचे. देगलूर-बिलोलीकडून तेलुगू बोलणारे, गुरुद्वाऱ्याला दर्शनासाठी आलेले पंजाबी यात्रेकरू, जुन्या नांदेडातल्या दख्खनी बोलणाऱ्या खाला. "लडकी के हात में जोर है क्या?" असे एका खालांनी विचारले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी त्यांना सांगितले, की फातिमा जिनांनी मुंबईत १९२३ सालीच दाताचा दवाखाना उघडला होता. खालांवर याचा चांगला परिणाम झाला. दाढ निघाली ती मात्र जोराने नव्हे. दाढ जोराने निघतच नाही, ती हलवत हलवत समजूत काढूनच निघते.

किनवटकडून येणाऱ्या मुलामुलींच्या दातांवर तपकिरी डाग असतात. तिकडच्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, आणि ते पाणी पक्के दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पोटात गेले की हे डाग कायमचे दातातच उमटतात. ते घासून जात नाहीत. पण गावात म्हणतात, पोरगी दात घासत नाही. एक आई लग्नाच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी सबंध वेळ पदराने तोंड झाकूनच बोलत होती. तिचे पुढचे सहा दात नीट करायला मला तीन खेपा लागल्या, आणि तिसऱ्या खेपेला ती आरशाकडे न पाहता आईकडे पाहून हसली. बरे वाटले, पण पाण्याचा प्रश्न तिथेच राहिला, तिच्या धाकट्या भावाचे दात अजून घडत होते. ते पाणी पाजू नका, दुसरे शोधा, एवढे सांगणेच माझ्या हातात होते.

गुटख्याचेही तसेच. राज्यात २०१२ पासून बंदी आहे. माणसाने तोंड उघडले की त्यात स्वतःची तीन बोटे उभी मावावीत, हा आमचा साधा हिशेब. सव्वीस वर्षांचा एक वाहनचालक आला, त्याला दोनही मावेनात. सुपारीने गालाचे अस्तर दोरीसारखे घट्ट झालेले. आला होता दात साफ करायला. मी त्याच्या गालात एक पांढरट, न भरणारा चट्टा पाहिला आणि डॉक्टरसाहेबांना हाक मारली. त्यांनी पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि विष्णुपुरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी मलाच लिहायला सांगितली. पुढे तपासणी झाली. वेळेत सापडले होते. त्याची आई दवाखान्यात येऊन माझ्या हातावर दोन सीताफळे ठेवून गेली. काचेच्या दवाखान्यात टेबलाशी बसले असते, तर मी त्याला दात पांढरे करण्याची योजना समजावून सांगितली असती.

पहिल्या पगाराच्या नऊ हजारांतले दोन हजार आईला, पाच बाबांना कर्जासाठी, उरलेल्यात एक भिंग घातलेला चष्मा घेण्यासाठी बचत. तो चष्मा घ्यायला आठ महिने लागले. मध्येच बाबांनी गावाकडचा प्लॉट विकून मला स्वतःचा दवाखाना थाटून देण्याची गोष्ट काढली होती. आम्ही दोघांनी वही घेऊन हिशेब मांडला: खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, फर्निचर, जागेची अनामत. पुरवठादाराने दिलेल्या आकड्यांची बेरीज सात लाखांवर गेली. त्यात रुग्ण येईपर्यंतच्या वर्षाचे भाडे धरलेले नव्हते. प्लॉट तसाच राहिला. तो राहिला याचा मला आनंद आहे. त्या वेळी मला ना पैसे मागता येत होते, ना कोणती दाढ आपण काढायची आणि कोणती पुढे पाठवायची हे ठामपणे सांगता येत होते.

वर्ष झाल्यावर डॉक्टरसाहेबांनी पगार न वाढवता निराळीच व्यवस्था केली: माझ्या हातच्या कामाचा तिसरा हिस्सा माझा. या व्यवस्थेत ज्येष्ठात कार्तिकातल्याइतके मिळत नाही. आमच्याकडे दात शेतीच्या हिशेबाने दुखतात. पेरणीच्या दिवसांत माणूस गोळीवर भागवतो, आणि "सोयाबीन इकलं की येतो, मॅडम" म्हणून जातो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन बाजारात आले, की कवळ्या बसवायला रांग लागते. भाव पडला तर रांग लहान. लातूरच्या आडतीतला भाव मी आता रोज सकाळी पेपरात पाहते. बाबांना वाटते, मुलीला शेतीची आवड लागली.

मंगळवारी नांदेडचा आमचा दवाखाना बंद असतो. त्या दिवशी मी अहमदपूरला एका दवाखान्यात रूट कॅनॉल करायला जाते. नांदेड आणि लातूर यांच्या जवळजवळ मध्यावर हे गाव, त्यामुळे मामांचा आणि बाबांचा वादही मिटला आहे. जाताना बॅगेत माझी स्वतःची अवजारे असतात. परवा गाडीत वाहकाने अर्धे तिकीट फाडता फाडता बॅगेकडे पाहून विचारले, "काय मॅडम, मेकपचं सामान हाय का?" मी सांगितले, दाताचे. गाडी लोह्याला दहा मिनिटे थांबते. मी खाली उतरून चहा घेत होते, तर हा वाहक समोर येऊन उभा राहिला, इकडेतिकडे पाहिले, टोपी काढली आणि म्हणाला, "ताई, खालची, डावीकडची. थंड पानी लागलं की कळ येते बघा," आणि स्टँडवरच्या उन्हाकडे तोंड करून त्याने भला मोठा आ केला.